जुन्या ॲम्प्लिफायरचं झाकण उघडलं की भेटणारा माणूस: स्टिरिओ शोधणाऱ्या ॲलन ब्लुमलाइनची गोष्ट

मंडळी, जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर किंवा रेडिओग्राम कधी उघडून पाहिलाय का? बाहेरून चार-पाच बटणं दिसतात, पण आत पाहिलं की गोंधळ उडतो. व्हॉल्यूमच्या एकाच दांड्यावर दोन पॉट एकामागे एक बसवलेले असतात. एखाद्या पॉटला तीनऐवजी चार पाय असतात. बॅलन्सचा पॉट मीटरवर मोजला तर अर्ध्या फेरीपर्यंत काटा हलतच नाही आणि आपण तो खराब समजून फेकून देतो. स्पीकरच्या ट्रान्सफॉर्मरमधून तीनऐवजी पाच वायरी बाहेर येतात आणि त्यातल्या दोन कशासाठी आहेत ते कळत नाही.

या विचित्र वाटणाऱ्या भागांमागे कारणं आहेत. ती शोधायला गेलं की त्यातली बरीच कारणं एकाच माणसापाशी येऊन थांबतात. त्याचं नाव ॲलन डॉवर ब्लुमलाइन. ऑडिओच्या जगात हे नाव आज आदराने घेतात. पण तो गेला तेव्हा त्याच्या मृत्यूची बातमीसुद्धा दाबून ठेवावी लागली होती. कोण होता हा माणूस? आणि त्याच्या कल्पना आपल्या घरातल्या डब्यात कशा ओळखायच्या? चला, जाणून घेऊया.

वाचता येत नव्हतं, पण घंटा दुरुस्त करता येत होती

ॲलनचा जन्म २९ जून १९०३ रोजी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात झाला. वडील सेमी ब्लुमलाइन मूळचे जर्मनीचे, पुढे ब्रिटिश नागरिक झालेले खाणकाम अभियंते. आई जेसी ही दक्षिण आफ्रिकेत काम करणाऱ्या एका स्कॉटिश मिशनऱ्याची मुलगी.

हा मुलगा शाळेत मात्र मागे होता. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत त्याला नीट वाचता येत नव्हतं. पण हातात तारा आणि पक्कड आली की गोष्ट वेगळी. सात वर्षांचा असताना त्याने घरच्या दारावरची घंटा दुरुस्त केली आणि वडिलांना रीतसर बिल दिलं, अशी आठवण सांगितली जाते. त्या बिलावर त्याने स्वतःच्या नावापुढे इलेक्ट्रिकल इंजिनिअर असंही लिहिलं होतं म्हणे!

पुढे हायगेट शाळा आणि तिथून लंडनचं सिटी अँड गिल्ड्स कॉलेज. वाचनात अडखळणारा हा मुलगा तिथून पहिल्या वर्गात पदवी घेऊन बाहेर पडला. १९२४ मध्ये तो इंटरनॅशनल वेस्टर्न इलेक्ट्रिक या कंपनीत लागला. काम होतं लांब पल्ल्याच्या टेलिफोन तारांचं. एका तारेतलं बोलणं शेजारच्या तारेत झिरपायचं, ते कसं थांबवायचं? दोन तारांमधला तोल साधणं, दोन्हीकडे सारखीच येणारी गडबड एकमेकांत खोडून टाकणं, हे त्याने इथे हाताळलं. हीच विचारपद्धती त्याच्या पुढच्या जवळजवळ प्रत्येक शोधात दिसते.

रॉयल्टी वाचवण्यासाठी नवी यंत्रणा

१९२९ मध्ये तो कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत आला. तिथे त्याचे वरिष्ठ होते आयझॅक शोनबर्ग. कंपनीची अडचण सरळ होती. मायक्रोफोन लावून विजेवर रेकॉर्डिंग करण्याची पद्धत अमेरिकन वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या पेटंटखाली होती आणि विकल्या जाणाऱ्या रेकॉर्डमागे रॉयल्टी मोजावी लागत होती. ते पेटंट न मोडता, तितकंच चांगलं किंवा त्याहून सरस काहीतरी हवं होतं.

ब्लुमलाइनने तबकडीवर खाच कोरणारं यंत्रच नव्याने घडवलं. जुन्या यंत्रात सुईची नको असलेली थरथर रबराने आवरली जायची. त्याने ते काम विजेवर आणि चुंबकावर सोपवलं. कोलंबियाची रॉयल्टीतून सुटका झाली आणि आवाजही सुधारला.

१९३१ मध्ये कोलंबिया आणि ग्रामोफोन कंपनी एकत्र आल्या आणि ईएमआय जन्माला आली. ग्रामोफोन कंपनी म्हणजे आपल्याकडे घरोघरी माहीत असलेली एचएमव्ही, भोंग्यासमोर बसलेल्या कुत्र्याची. कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यातून निघालेल्या आपल्या असंख्य मराठी-हिंदी तबकड्या याच कुटुंबातल्या.

सिनेमागृहात पडलेला प्रश्न

बोलपट तेव्हा नवे होते. पडद्यामागे आवाज एकाच ठिकाणाहून यायचा. नट पडद्याच्या डाव्या टोकाला गेला तरी त्याचा आवाज मात्र मधूनच! ब्लुमलाइन आपली मैत्रीण डोरीन हिच्याबरोबर सिनेमा पाहायला गेला होता आणि हे त्याला खटकलं, असं सांगतात. यावर आपल्याकडे उपाय आहे, असं त्याने तिला तिथेच सांगून टाकलं. हीच डोरीन १९३३ मध्ये त्याची पत्नी झाली.

१४ डिसेंबर १९३१ रोजी त्याने पेटंटसाठी अर्ज केला. क्रमांक ३९४,३२५. वय फक्त २८. त्या एका पेटंटमध्ये ७० दावे होते आणि आज आपण ज्याला स्टिरिओ म्हणतो ते जवळजवळ सगळं त्यात होतं. स्टिरिओ हा शब्द तेव्हा रुळला नव्हता, तो त्याला बायनॉरल म्हणजे दोन कानांचा आवाज म्हणायचा.

त्यातल्या तीन कल्पना थोडक्यात समजून घेऊ.

पहिली, दोन मायक्रोफोन एकाच जागी, पण तोंडं वेगवेगळ्या दिशांना. आवाज डावीकडून आला की डाव्या मायक्रोफोनमध्ये तो मोठा आणि उजव्यात लहान. दोन स्पीकरमधून हाच लहान-मोठेपणा ऐकवला की आपल्या मेंदूला दिशा कळते. आठच्या आकड्यासारखी पकड असलेले दोन मायक्रोफोन काटकोनात ठेवण्याच्या पद्धतीला आजही ब्लुमलाइन जोडी म्हणतात.

दुसरी, बेरीज आणि वजाबाकी. डावं अधिक उजवं म्हणजे मधला आवाज, डावं वजा उजवं म्हणजे बाजूचा. वजाबाकी वाढवली की आवाजाचा पट्टा रुंद होतो, कमी केली की अरुंद.

तिसरी, दोन्ही आवाज एकाच खाचेत. खाचेच्या दोन भिंती एकमेकींशी काटकोनात असतात. एका भिंतीवर डावा आवाज, दुसरीवर उजवा. सुई आडवी हलली तर बेरीज आणि वरखाली हलली तर वजाबाकी. म्हणूनच ही तबकडी साध्या एका स्पीकरच्या यंत्रावर वाजवली तरी दोन्ही बाजूंचा आवाज मिळतो.

अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजमध्येही त्याच सुमारास या विषयावर काम चाललं होतं. पण मायक्रोफोनपासून तबकडीपर्यंतचा इतका पूर्ण विचार एकाच कागदावर मांडणारा ब्लुमलाइनच.

ऐकलं सगळ्यांनी, विकलं कोणीच नाही

पेटंट म्हणजे नुसता कागद नव्हता. त्याने यंत्रं बनवली, तबकड्या कोरल्या. जानेवारी १९३४ मध्ये लंडनच्या ॲबे रोड स्टुडिओत सर थॉमस बीचम मोझार्टची ज्युपिटर सिंफनी वाजवून घेत होते, तेव्हा त्याने ती स्टिरिओत टिपली. १९३५ मध्ये त्याने आवाजासह छोट्या फिती काढल्या. एकीत माणसं रंगमंचावर बोलत इकडून तिकडे चालतात आणि आवाज त्यांच्याबरोबर सरकतो. दुसरीत हेज स्टेशनवरून आगगाड्या जातात. वाफेच्या इंजिनांचं त्याला वेडच होतं.

हे सगळं बघून-ऐकूनही कंपनीने ते बाजारात आणलं नाही. मंदीचे दिवस होते. एक ग्रामोफोन घेणंही लोकांना जड, तिथे दोन स्पीकर कोण घेणार? कंपनीला त्याची बुद्धी आता दुसरीकडे हवी होती. स्टिरिओ बासनात गेला. स्वतःचा सगळ्यात मोठा शोध दुकानात विकला जाताना त्याला कधीच पाहता आला नाही.

आता डब्यात पाहा: दुहेरी पॉट आणि न हलणारा काटा

स्टिरिओ आला की एक नवी गरज येते. दोन आवाज बरोबरीने कमी-जास्त झाले पाहिजेत, कारण दिशा त्यांच्या प्रमाणावरच ठरते. म्हणून एका दांड्यावर दोन पॉट. या दोन पट्ट्या तंतोतंत जुळत नसतील तर आवाज बारीक केल्यावर गायक एका बाजूला सरकल्यासारखा वाटतो. तुमच्या जुन्या यंत्रात असं होत असेल तर स्पीकरवर राग काढण्याआधी हा पॉट तपासा.

बॅलन्सचा पॉट त्याहून चक्रावणारा. अनेक चांगल्या यंत्रांत त्याच्या प्रत्येक पट्टीचा अर्धा भाग जवळजवळ शून्य रोधाचा असतो. बटण मध्यापासून डावीकडे नेलं तर डावा आवाज तसाच राहतो आणि फक्त उजवा कमी होतो. उलट बाजूला नेलं की उलट. मीटरवर अर्धी फेरी काटा न हलणं ही त्याची खूण आहे, तो खराब झालेला नाही. त्याजागी साधा दुहेरी पॉट बसवला तर बटण मध्ये असतानाही दोन्ही बाजूंचा आवाज उगाच पडतो.

चार पायांचा व्हॉल्यूम पॉट ब्लुमलाइनचा नाही, पण तोही इथेच सांगून टाकू. आवाज बारीक असताना आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो. चौथ्या पायाला जोडलेला रोध आणि कंडेन्सर ती उणीव भरून काढतात. यालाच लाउडनेस म्हणतात. चौथा पाय न जोडता सोडला तर यंत्र चालतं, पण हळू आवाजात गाणं पातळ वाटतं.

टीव्हीसाठी केलेलं काम, ॲम्प्लिफायरमध्ये राहिलेलं

ईएमआयने ब्लुमलाइनला टेलिव्हिजनच्या कामाला लावलं. शोनबर्ग यांच्या चमूने ४०५ रेषांची यंत्रणा तयार केली. २ नोव्हेंबर १९३६ रोजी बीबीसीने लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित प्रक्षेपण सुरू केलं, तेव्हा जॉन लॉगी बेअर्डची २४० रेषांची यंत्रणाही स्पर्धेत होती. काही महिन्यांतच बेअर्डची पद्धत बंद झाली आणि मार्कोनी-ईएमआयची टिकली. सर्किटचा मोठा भाग ब्लुमलाइनच्या डोक्यातून आलेला होता.

मे १९३७ मध्ये राजे सहावे जॉर्ज यांच्या राज्याभिषेकाची मिरवणूक स्टुडिओबाहेरून दाखवायची होती. चित्र लांब केबलमधून न्यायचं म्हणजे वाटेत गडबड घुसणारच. इथे त्याची जुनी टेलिफोनची युक्ती कामी आली. १९३६ मध्ये त्याने एका सर्किटचं पेटंट घेतलं होतं, ज्याला लाँग-टेल्ड पेअर म्हणतात. दोन व्हॉल्व्ह आणि दोघांच्या कॅथोडला मिळून एकच मोठा रोध. दोन्हीकडे सारखी आलेली गडबड खोडली जाते आणि फक्त फरक मोठा होतो.

जुन्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरमध्ये हे ओळखणं सोपं आहे. शेवटच्या दोन मोठ्या व्हॉल्व्हच्या आधी बहुतेक ईसीसी८३ सारखा एक जोडव्हॉल्व्ह असतो. त्याचे दोन्ही कॅथोड एकत्र जोडून एका मोठ्या रोधावर गेलेले दिसले तर तुम्ही ब्लुमलाइनची जोडी पाहताय. हीच रचना ट्रान्झिस्टरच्या रूपात आज बहुतेक ऑप-अँप चिपच्या दारात बसलेली आहे.

आणि त्या पाच वायरी? त्याही त्याच्याच. १९३७ मध्ये त्याने सुचवलं की शेवटच्या व्हॉल्व्हची स्क्रीन ग्रिड थेट विजेला न जोडता आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यातल्या मधल्या एका ठिकाणी जोडावी. त्याने ताकद फारशी न घटता आवाजातला विकार कमी होतो. १९५१ मध्ये अमेरिकेत हाफ्लर आणि केरोस यांनी ही पद्धत अल्ट्रा-लिनिअर नावाने गाजवली. तेव्हा ब्लुमलाइन हयात नव्हता.

ओळखायचं कसं? यंत्र पूर्ण बंद करून मीटर रोधावर लावा. मधल्या, म्हणजे विजेच्या वायरपासून इतर चार वायरी मोजा. दोघींचा रोध कमी येईल, त्या स्क्रीनच्या. दोघींचा जास्त येईल, त्या ॲनोडच्या. जादा वायरी म्हणून कापून टेप लावू नका!

७ जून १९४२

दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि ब्लुमलाइन रडारच्या कामात ओढला गेला. विमानातून खालची जमीन अंधारात आणि ढगांतूनही नकाशासारखी दिसावी, यासाठी एचटूएस नावाचं रडार तयार होत होतं. बर्नार्ड लव्हेल त्या गटाचे प्रमुख होते. पुढे रेडिओ खगोलशास्त्रात नाव कमावलेले तेच हे लव्हेल.

७ जून १९४२ रोजी डेफर्डच्या तळावरून व्ही९९७७ क्रमांकाचं हॅलिफॅक्स बॉम्बर विमान चाचणीसाठी उडालं. ब्लुमलाइन आणि ईएमआयमधले त्याचे दोन सहकारी, सेसिल ब्राउन आणि फ्रँक ब्लायथेन, त्यात होते. हवेत असताना उजव्या बाजूच्या इंजिनाला आग लागली. विमान वाय नदीच्या खोऱ्यात वेल्श बिक्नॉरजवळ कोसळलं. आतले अकराही जण मरण पावले. ब्लुमलाइन ३८ वर्षांचा होता. मागे डोरीन आणि दोन लहान मुलगे.

चौकशीत कारण निघालं ते फार छोटं होतं. इंजिनाच्या देखभालीत टॅपेटचा एक नट नीट आवळला गेला नव्हता.

रडार अतिशय गुप्त होतं. शत्रूला अपघाताचा वास लागला असता तर आपलं किती नुकसान झालंय हेही कळलं असतं. म्हणून बातमी दाबली गेली. हयातभरात १२८ पेटंटं नावावर असलेल्या माणसाची ओळख करून देणारा साधा मृत्युलेखही तेव्हा आला नाही. काम थांबलं नाही. जानेवारी १९४३ अखेरीस एचटूएस प्रत्यक्ष मोहिमेत वापरलं गेलं.

उशिरा आलेली दाद

ईएमआयने १९५५ मध्ये स्टिरिओसॉनिक नावाने टेप आणल्या. १९५८ च्या सुमारास स्टिरिओ तबकड्या जगभर दुकानांत आल्या. खाचेच्या दोन भिंती, दोन आवाज, अगदी त्याने १९३१ मध्ये लिहिलं होतं तसंच. पण तबकडीच्या कव्हरवर त्याचं नाव कुठे असणार?

हळूहळू दाद मिळत गेली. १९७७ मध्ये लंडनच्या ईलिंग भागातल्या त्याच्या घरावर निळी पाटी लागली. सविस्तर चरित्रं मात्र १९९९ आणि २००० मध्ये आली, म्हणजे मृत्यूनंतर जवळजवळ साठ वर्षांनी. २०१५ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने ॲबे रोड स्टुडिओत त्याच्या स्टिरिओच्या सन्मानार्थ फलक लावला. २०१७ मध्ये त्याच्या कामाला तांत्रिक ग्रॅमी जाहीर झालं.

जुना डबा उघडताना एवढं लक्षात ठेवा

१. व्हॉल्व्हच्या यंत्रात ३०० ते ४०० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये ते टिकून राहू शकतात. सवय नसेल तर जाणकार कारागिराकडूनच उघडून घ्या.

२. पॉटवरच्या अक्षरावर आंधळा विश्वास नको. जपानी आणि बऱ्याच नव्या पॉटवर ए म्हणजे लॉग आणि बी म्हणजे लिनिअर. जुन्या युरोपीय पॉटवर बरोबर उलटं असू शकतं.

३. खात्री हवी असेल तर पॉट सर्किटमधून सोडवून दांडा बरोबर मध्ये ठेवा. मधल्या पायापासून दोन्ही टोकं मोजा. दोन्हीकडे सारखं आलं तर लिनिअर. सुरुवातीच्या टोकाकडे एकूण रोधाच्या साधारण १० ते १५ टक्केच आले तर लॉग, म्हणजे व्हॉल्यूमसाठीचा.

४. रेकॉर्ड प्लेअरच्या कार्ट्रिजला मागे चार पिना असतील तर तो स्टिरिओ. वायरींचे नेहमीचे रंग: पांढरी डावी, निळी तिचं अर्थ, लाल उजवी, हिरवी तिचं अर्थ.

५. जुन्या मोनो सुईवर स्टिरिओ तबकडी लावू नका. ती सुई वरखाली हलायला तयार नसते, त्यामुळे वजाबाकीचा आवाज ज्यात कोरलाय ती खाचच खरवडली जाते.

६. विचित्र भाग दिसला तर काढण्याआधी फोटो घ्या, वायरींचे रंग लिहून ठेवा. बाजारात तसाच भाग मिळेलच असं नाही, त्यामुळे तो स्वच्छ करून वाचतो का ते आधी पाहा.

मंडळी, ज्या माणसाला बाराव्या वर्षापर्यंत वाचता येत नव्हतं, त्याने लिहिलेल्या पेटंटवर आज आपले इअरफोनसुद्धा चालतात. डाव्या कानात तानपुरा आणि उजव्या कानात तबला ऐकू येतो, तेव्हा त्यामागे ब्लुमलाइनचा तो सिनेमागृहातला प्रश्न असतो.

तुमच्या घरात असा जुना रेडिओग्राम किंवा ॲम्प्लिफायर आहे का? त्यात कोणता न ओळखलेला पॉट दडलाय? फोटो काढून कमेंटमध्ये टाका. आणि भंगारात द्यायच्या विचारात असलेल्या मित्राला हा लेख आधी पाठवा!